स्टँड-अप जेट स्कीसाठी न बुडणारा फोम: माझा अनुभव

लक्षण: जुनी स्टँड-अप (उभं राहून चालवायची जेट स्की), पाण्यात नाक खाली घालून बसते, वळताना जड लागते, पाणी काढून टाकलं तरी वजन उतरत नाही. कारण हलमधला (स्कीच्या पोकळ धडातला) पिवळा पॉलियुरेथेन फोम पाणी पिऊन बसलेला.

भोकं पाडून पंखा लावला. वरचा थर सुकला, आतला ओलाच. दोन द्रव मिसळून ओतायचा फोम भरला, तोही कालांतराने भिजला. पेट्रोल सांडलं तर टिकेल का, म्हणून थर्मोकोलचा तुकडा पेट्रोलमध्ये टाकून पाहिला, त्याचा चिकट लगदा झाला. वैताग आला होता.

चाललं ते क्लोज्ड-सेल (बंद कप्प्यांचं, पाणी न पिणारं) पॉलिएथिलीन, म्हणजे पोहण्याच्या तलावातल्या नूडल्सचंच मटेरियल.

आधी इंजिन, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढली. जुना फोम खरवडून हल पूर्ण सुकवला. मग हिशेब: १ लिटर फोम जेमतेम १ किलो उचलतो. पाण्यात लोखंडाचं वजन साधारण आठव्या हिश्श्याने कमी होतं, अॅल्युमिनियमचं तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, फायबरग्लासचं निम्म्याहून जास्त. पाण्यात जितके किलो वजन उरतं तितके लिटर फोम, वर थोडा जास्तच. तुकडे नाकात आणि दोन्ही कडांना, शक्य तितके उंच बसवले. फोम तळाशी राहिला तर भरलेली स्की उलटायला बघते. कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह लावलं, वरून पट्टे आवळले. एक्झॉस्टपासून अंतर, हवेची वाट आणि बिल्ज पंपाची (आत साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची) जागा मोकळी.

शेवटी इंजिन बसवण्याआधी त्याच्या वजनाइतकं लोखंड बांधून, उथळ पाण्यात हल काठोकाठ भरला. नाक वर राहिलं.