अमेरिकेत डायटेटिक टेक्निशियन व्हायचं ठरवताय? आधी ही तयारी करा

सगळ्यात आधी हे काम नक्की काय आहे ते बघून घ्या, फी नंतर भरा. अमेरिकेतल्या हॉस्पिटलात पेशंटच्या आहाराचा निर्णय रजिस्टर्ड डायटिशियन घेते. तिच्या देखरेखीखाली काम करते ती डायटेटिक टेक्निशियन, आणि परीक्षा पास झाली की तिच्या नावापुढे एनडीटीआर किंवा डीटीआर अशी अक्षरं लागतात. नव्या पेशंटला ‘इतक्यात वजन आपोआप उतरलंय का, जेवण कमी झालंय का’ असं विचारून कुपोषणाचा धोका हेरायचा, ॲलर्जी नोंदवायची, ट्रेवर भलताच पदार्थ गेला नाही ना ते पाहायचं, ताटात किती उरलं ते लिहायचं आणि काही खटकलं तर लगेच डायटिशियनला कळवायचं, असा दिवस जातो. स्वतःच्या नावावर डाएट प्लॅन लिहून देण्याची ज्यांना हौस आहे त्यांची इथे घुसमट होईल. माणसाच्या शेजारी बसून तो जेवतोय की नाही हे बघण्यात ज्यांचा जीव रमतो, त्यांनी मात्र हा रस्ता जरूर धरावा.

आपल्याकडून होम सायन्स किंवा फूड अँड न्यूट्रिशन करून लग्नानंतर इकडे आलेल्या मुलींना मी हा रस्ता आवर्जून सुचवते, कारण १ जानेवारी २०२४ पासून इथे डायटिशियनच्या परीक्षेला पहिल्यांदा बसायचं तर मास्टर्स डिग्री लागते. शिवाय किमान १,००० तासांचं प्रत्यक्ष काम करावं लागतं. लहान मूल सांभाळून एवढं सगळं लगेच उरकणं प्रत्येकीला जमत नाही. टेक्निशियनला दोन वर्षांची असोसिएट डिग्री आणि किमान ४५० तासांचं प्रत्यक्ष काम पुरतं. दुसरा मार्गही आहे. मान्यताप्राप्त डायटेटिक्स प्रोग्रॅममधून बॅचलर्स पूर्ण केलेल्यांना त्या पात्रतेवर थेट टेक्निशियनची परीक्षा देता येते.

मग व्हिसाचा सोक्षमोक्ष लावा. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण नोकरी करायची तर वर्क परमिट हवं, आणि जोडीदाराचा आय-१४० (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर झाला असेल तर साधारणपणे ते मिळू शकतं. फेडरल शिक्षणमदत एच-४ वाल्यांना मिळत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना मिळते. कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांची कमी फी तुम्हाला लागू होते का, हे राज्याराज्यावर अवलंबून आहे. ॲडमिशन ऑफिसला ईमेलवरच विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

खरं घोडं अडतं ते कागदपत्रांपाशी. भारतातली डिग्री असेल तर ती मान्य असलेल्या मूल्यमापन संस्थेकडून विषयवार तपासून घ्यावी लागते, आणि त्यासाठी विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागतं. आपली तीन वर्षांची बीएस्सी इथल्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. एमएस्सी झालं असेल तर तेही सोबत जोडा. मुंबई असो, एसएनडीटी असो की नागपूर, पुढच्या भारतवारीत विद्यापीठात स्वतः जा, किंवा तिथल्या भावाबहिणीला अधिकारपत्र देऊन पाठवा. ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन सीलबंद प्रती घ्या आणि प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रमही मागा. ‘बायोकेमिस्ट्री’ एवढ्या नावावरून इथल्या प्रोग्रॅम डायरेक्टरला काहीच ठरवता येत नाही, आत काय शिकवलं ते त्यांना बघायचं असतं.

यात नावाची भानगड वेगळीच. मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, कुठे तर आईचंही. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर ते, आणि सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र असा संच एकदाच करून स्कॅन करून ठेवा. विद्यापीठात अर्ज करतानाही मार्कशीटवरचंच नाव लिहा.

कॉलेज निवडताना एकच गोष्ट आधी तपासा, ती म्हणजे एसेंडची, म्हणजे आहारशास्त्राच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची, मान्यता. ‘न्यूट्रिशन सर्टिफिकेट’ नावाने ऑनलाइन ढीगभर कोर्स विकले जातात, पण त्यातून परीक्षेची पात्रता मिळत नाही. खरे टेक्निशियन प्रोग्रॅम देशभरात मोजकेच आहेत. काहींचे वर्ग ऑनलाइन असतात, तिथे प्रत्यक्ष कामाची जागा मात्र बरेचदा तुम्हालाच शोधावी लागते. म्हणून प्रवेशापूर्वी प्रोग्रॅम डायरेक्टरशी बोला. ४५० तास कुठे होतील, परीक्षेत पहिल्या वर्षात किती टक्के विद्यार्थी पास होतात, आणि इथले क्रेडिट जवळच्या चार वर्षांच्या विद्यापीठात चालतात का, हे तीन प्रश्न नक्की विचारा. पुढे डायटिशियन व्हायचा विचार मनात असेल तर तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.

प्रत्यक्ष कामाला पाठवण्यापूर्वी पार्श्वभूमीची तपासणी, बहुतेक ठिकाणी ड्रग टेस्ट, आणि गोवर-गालगुंड, कांजिण्या, हिपॅटायटिस-बी, फ्लू यांच्या लसींचे पुरावे मागतात. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात सापडलं तर उत्तम, नाहीतर रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून घेता येते. टीबीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. आपल्याला बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचाचाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची टीबी चाचणी मागून घ्या, ती निगेटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे आणि पुढची धावपळ बहुधा टळेल.

शाकाहारी घरातल्या मुलींनी स्वयंपाकघराची मानसिक तयारी आधीच करावी. इथे बीफ आहे, पोर्क आहे, आणि तापमान मोजायचं काम तुमच्यावर येणारच. चिकन १६५ अंश फॅरनहाइट, बीफचा खिमा १५५, गरम ठेवायचं अन्न १३५ च्या वर आणि थंड ४१ च्या खाली, हे आकडे झोपेतही आठवले पाहिजेत. चव घेणार नसाल तर पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगा, मार्ग काढता येतो. मोजमाप आणि साफसफाई मात्र टाळता येत नाही. सर्व्हसेफ या अन्नसुरक्षेच्या कोर्सचं मॅनेजर सर्टिफिकेट याच काळात करून टाका, नोकरीच्या अर्जात त्याला वजन असतं.

गणित सोपं आहे, पण हाताशी हवं. पौंडाला २.२ ने भागलं की किलो, आणि एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. डायबेटिसच्या पेशंटला शिकवताना कर्बोदकांचा एक भाग १५ ग्रॅमचा धरतात. मी नर्सिंग होममध्ये काम करते (इथे नर्सिंग होम म्हणजे मुख्यतः वृद्धांनी राहायची शुश्रूषेची जागा), तिथे रोजचा हिशोब वजनाच्या घसरणीचा असतो. महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत ७.५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली की ती गंभीरपणे घ्यायची. एखाद्या आजींचं वजन १४० पौंडांवरून महिन्याभरात १३२ वर आलं, तर ऐकायला आठच पौंड वाटतात. पण ती ५.७ टक्के घट आहे, आणि त्याच दिवशी डायटिशियनला कळवायची आहे.

गिळायला त्रास होणाऱ्या पेशंटचं जेवण हा विषय मन लावून शिका, कारण इथली चूक थेट श्वासनलिकेत जाते. त्यासाठी ० (पाण्यासारखं पातळ) ते ७ (नेहमीचं जेवण) अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. पातळ पदार्थाची चाचणी साध्या १० मिलीच्या सिरिंजने करतात. तोंडाशी बोट धरून सिरिंज भरायची, बोट काढायचं, १० सेकंदांनी पुन्हा लावायचं आणि आत किती उरलं ते वाचायचं. १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ मिली उरलं तर पातळी २, आणि त्याहून जास्त उरलं, पण थोडं तरी वाहून गेलं, तर ३. आपल्याकडची कुटुंबं प्रेमाने घरून वरण आणतात. ते गरम असताना पातळ आणि गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून ज्या तापमानाला पेशंट खाणार त्याच तापमानाला ही चाचणी घ्यायची. वरणाचा हा स्वभाव आपल्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. तसंच इन्शुलिनवर असलेल्या आजींनी एकादशी धरलीय हे त्या आपल्यापाशीच बोलतात, आणि ते तातडीने नर्सला सांगणं ही आपली जबाबदारी. भाषा येणाऱ्या टेक्निशियनची किंमत अशा वेळी कळते. बायोडेटात मराठी, हिंदी आणि येत असेल तर गुजराती ठळक लिहा.

परीक्षा कमिशन ऑन डायटेटिक रजिस्ट्रेशन घेतं, केंद्र पिअर्सन व्ह्यूचं असतं. कॉम्प्युटरवर ११० ते १३० बहुपर्यायी प्रश्न येतात आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. आपल्याला पेपर आधी वाचून सोपे प्रश्न निवडायची सवय, ती इथे मोडावी लागते. घड्याळ लावून सराव करा. आहारशास्त्र बहुतेकींना येतं, मार्क जातात ते फूड सर्व्हिस आणि व्यवस्थापनाच्या प्रश्नांत. रेसिपी १०० जणांसाठी वाढवणं, कच्चा माल साफ केल्यावर किती उरतो, कामाच्या पाळ्या लावणं, यावर जास्त वेळ द्या. नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

पगाराबद्दल गैरसमज नको. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीत डायटिशियनचा मध्यम पगार वर्षाला ६९,६८० डॉलर होता. टेक्निशियनला त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, तेही बहुधा तासाच्या दराने. घर एकटीच्या पगारावर चालवायचं असेल तर ही पहिली पायरी समजून पुढच्या शिक्षणाचा हिशोब आत्ताच मांडा.

नोकरी शोधताना ‘डायटेटिक टेक्निशियन’ एवढंच टाकून थांबू नका. तेच काम ‘डाएट टेक’, ‘न्यूट्रिशन असिस्टंट’ अशा नावांनीही निघतं. अनेक हॉस्पिटलांची स्वयंपाकघरं सोडेक्सो, अरामार्क, मॉरिसन अशा कंपन्या चालवतात, तेव्हा त्यांच्या जागाही बघा. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या विक या सरकारी कार्यक्रमात न्यूट्रिशन एज्युकेटर लागतात. तिथल्या वेळा घरच्यांना सोयीच्या असतात, आणि मला ते काम टेक्निशियनसाठी सगळ्यात चांगलं वाटतं. नर्सिंग होममध्ये किचनची जबाबदारी घ्यायची असेल तर सर्टिफाइड डाएटरी मॅनेजरची परीक्षाही द्या, तिथे त्या पात्रतेला कायद्यातच मान्यता आहे.

नोंदणी टिकवायला दर पाच वर्षांत ५० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. प्रमाणपत्रं मिळतील तशी एका फोल्डरमध्ये टाकत चला. आणि मुलाखतीत शिक्षणाची फी परत मिळते का हे न संकोचता विचारा. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत ही सोय असते, आणि डायटिशियनच्या पुढच्या डिग्रीचा काही भार त्यातून उचलला जाऊ शकतो.