एकट्याचा खेळ टीमचा कसा करायचा

पाच जणांच्या शूटर गेममध्ये स्कोअरबोर्डवर किल ठळक दिसतात, साथीदाराला दिलेलं कव्हर दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक जण किलमागे धावतो. सुरुवात ट्रेडपासून करा. आत शिरणाऱ्याच्या मागे दुसऱ्याने दोन-तीन पावलांवर राहायचं आणि पहिला पडला की समोरचा सावरायच्या आत त्याला टिपायचं. अंतर जास्त ठेवलं तर तो पुन्हा आडोशाला जातो. फार चिकटलात तर एकाच ग्रेनेडमध्ये दोघंही जाता.

खेळात बंदुका घ्यायला मिळणाऱ्या पैशांचंही तसंच. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एके-४७ २७०० डॉलरला मिळते. एकाने ती घेतली आणि बाकी चौघं पिस्तुलावर राहिले, तर तो राऊंड बहुतेक हातचा गेलाच. म्हणून खरेदीआधी विचारा, “घ्यायचं की साठवायचं?” ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत त्याने दुसऱ्याला बंदूक घेऊन द्यावी. बचाव करताना ४०० डॉलरचं डिफ्यूज किट असेल तर बॉम्ब १० ऐवजी ५ सेकंदांत निकामी होतो. ते घेणाऱ्याचं आवर्जून कौतुक करा.

व्हॉइसवर जागा आणि संख्या एवढंच: “बी साइट, दोघं, एक जखमी.” मेलेल्याने माहिती देऊन गप्प बसायचं, उरलेल्याला पावलांचा आवाज ऐकू यायला हवा.

एकटा पुढे पळणाऱ्यावर ओरडलात तर तो तुम्हाला म्यूट करेल. त्याचा उतावळेपणा कामी लावा: “तूच आधी शिर, मी फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) टाकतो, ‘आता’ म्हटलं की निघ.”