स्टोरेजमध्ये नवीन आहात? टीबी (जागा) नंतर बघा, आधी आयओपीएस (सेकंदाला होणारे रीड-राइट) मोजा

पुण्याला न जाता मी सोलापुरातच राहिलो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सर्व्हर रूमचं काम मिळालं. तिथं एकच स्टोरेज, 10 हजार आरपीएमच्या 24 डिस्क, सगळ्यांचा मिळून एकच पूल (एकत्र साठा) रेड 5 वर (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत, एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), आणि त्यातच ईआरपीचा (बिलिंग-हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, फाइल सर्व्हर, सीसीटीव्ही सगळं. निम्मी जागा रिकामी होती म्हणून मी निवांत होतो.

मार्च एंडिंगला बिलिंगमधून फोनवर फोन, "सर, एंटर मारलं की स्क्रीन तशीच राहतीय". सीपीयू बघितला तर 15 टक्के, रॅम मोकळी, मी दिवसभर नेटवर्कच्या केबली तपासत बसलो. संध्याकाळी सिनियर सर आले, त्यांनी आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारी कमांड) लावला आणि अवेटच्या, म्हणजे एका रीड-राइटला लागणाऱ्या वेळेच्या, कॉलमवर बोट ठेवलं, रोज 7-8 मिलीसेकंद असायचा तिथं 60 च्या वर. म्हणाले, "बघ, डिस्क रडायलीय."

मग त्यांनी मागावरूनच समजावलं. बीमवर सूत किती आहे त्यावर दिवसाचं कापड ठरत नाही, माग मिनिटाला किती पिक (आडवे धागे) मारतो त्यावर ठरतं. टीबी म्हणजे सूत, आयओपीएस म्हणजे पिक.

हिशोब एकदा स्वतः हाताने करा, मग डोक्यात पक्का बसतो. 10 हजारची एक डिस्क साधारण 140 आयओपीएस देते, म्हणजे 24 डिस्कचे 3360. पण रेड 5 मध्ये एका छोट्या राइटला डिस्कवर 4 ऑपरेशन लागतात, रेड 6 ला (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो) 6, रेड 10 ला (प्रत्येक डिस्कची जोडीला कॉपी) 2. रीड 70 आणि राइट 30 टक्के धरलं तर एका कामाला सरासरी 0.7 अधिक 0.3 गुणिले 4, म्हणजे 1.9 ऑपरेशन, म्हणून 3360 भागिले 1.9, हातात उरतात जेमतेम 1770. त्याच डिस्क रेड 10 मध्ये लावल्या तर 2580 च्या आसपास, जागा मात्र निम्मीच मिळते.

यानंतरची चूक पूर्ण माझी. 6 नवीन डिस्क आल्या, मी त्या पूलला जोडल्या आणि वाटलं की झालं काम. आमच्या स्टोरेजमध्ये जुना डेटा आपोआप पसरत नव्हता, त्यामुळे रिपोर्टसाठी काढलेला नवीन लन (पूलमधून सर्व्हरला दिलेला तुकडा) सगळाच्या सगळा त्या 6 डिस्कवर जाऊन बसला, शेजारी 24 डिस्क असूनही त्या लनला साडेचारशे आयओपीएससुद्धा मिळेनात. रॅकसमोर उभं राहिलं की दिसायचं, खालच्या सहा डिस्कचे हिरवे दिवे अखंड फडफडतायत आणि वरचे मधूनच एखादा लुकलुकतोय. शेवटी शनिवारी रात्री रीबॅलन्स (डेटा सगळ्या डिस्कवर सारखा पसरवणं) लावला, रविवारी दुपारपर्यंत चालला. म्हणून डिस्क जोडायच्या आधी तुमच्या मॉडेलमध्ये रीबॅलन्स आपोआप होतो की हाताने लावावा लागतो हे मॅन्युअलमध्ये वाचाच.

पुढं पूल वेगळे केले. डेटाबेस रेड 10 वर, सीसीटीव्हीचं सलग लिहिणं 7200 आरपीएमच्या मोठ्या डिस्कवर रेड 6 मध्ये. मोठ्या डिस्कला रेड 5 देऊ नका, 8 टीबीची डिस्क गेली तर सेकंदाला 100 एमबी वेग धरला तरी रीबिल्डला (नवीन डिस्कवर डेटा परत भरायला) 22 तास लागतात, आणि तेवढ्यात दुसरी गेली की पूर्ण पूल गेला. बॅकअप तर वेगळ्या बॉक्सवरच पाहिजे, मूळ डेटाच्या पूलमध्ये ठेवलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. थिन लन (लिहील तशी जागा घेणारा लन) वापरत असाल तर पूल 80 टक्के भरला की अलर्ट येईल असं लावा.

पण एक सांगतो, उगाच दहा छोटे पूल करू नका. तसं केलं की एका पूलच्या डिस्क दमतात आणि बाकीच्या रिकाम्या बसतात. आधी आठवडाभर दर तासाचं रीडिंग घ्या, कुठलं काम किती वाजता जोर करतं ते लिहून काढा, आमच्याकडं रात्रीचा बॅकअप आणि डे एंड (दिवसाचा हिशोब बंद करणं) दोन्ही 11 लाच सुरू व्हायचे, बॅकअप 2 वाजता सरकवला आणि त्या वेळची निम्मी तक्रार एक रुपयाही खर्च न होता गेली.