हॅलोवीनचं कार्ड आणि डिजिटल स्टॅम्प: प्रिंट काढतानाच होणाऱ्या या चुका टाळा

डिजिटल स्टॅम्प म्हणजे काळ्या रेषांच्या चित्राची फाइल. ती विकत घ्यायची, हव्या त्या मापात छापायची आणि हाताने रंगवायची. कार्ड बिघडलं की रंगवणाऱ्याच्या हाताला बोल लागतो. खरं तर घोटाळा बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो. रंगवायचं कशाने, हे ठरवण्याआधीच प्रिंट काढलेली असते.

काळी रेघ पसरते

सगळ्यात मोठी तक्रार हीच. भोपळ्यात नारिंगी रंग भरायला घेतला की काळी रेघ विरघळून त्यात मिसळते, भोपळा मळकट दिसतो आणि मार्करचं टोकही काळं पडतं. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनमध्ये शाई नसते, टोनर असतो. टोनर म्हणजे प्लॅस्टिकसारखी बारीक पूड. ती उष्णतेने कागदावर चिकटते. कॉपिकसारख्या अल्कोहोल मार्करमधलं अल्कोहोल ही पूड मऊ करतं आणि रंगासोबत ओढून नेतं. इंकजेटची शाई मात्र पाण्यात कालवलेली असते. नीट वाळली की अल्कोहोलला ती सहसा दाद देत नाही, पण जलरंगाचा ओला ब्रश फिरला की पसरू शकते.

म्हणून अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर इंकजेटची प्रिंट घ्या, जलरंग वापरणार असाल तर लेझरची. रंगीत पेन्सिली दोन्हींवर चालतात. प्रिंट दुकानातून आणणार असाल तर मशीन कोणतं आहे ते आधी विचारा. इंकजेटची प्रिंट निदान अर्धा तास वाळू द्या. त्याच कागदावर चित्राचा एक छोटा तुकडाही छापून घ्या आणि मार्कर आधी त्यावर फिरवून बघा. प्रिंटर, कागद आणि मार्कर यांतलं काहीही बदललं तर ही चाचणी पुन्हा करा.

कागद आणि माप

चकचकीत फोटो पेपर नको. त्यात मार्करची शाई मुरत नाही, वरच तरंगते आणि बोट लागलं की पुसली जाते. गुळगुळीत पण कोटिंग नसलेला, २००–२२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पांढरा कार्डशीट घ्या. घरच्या बऱ्याच प्रिंटरना यापेक्षा जाड कागद ओढता येत नाही. कागद मागच्या ट्रेमधून एकेक घाला आणि सेटिंगमध्ये जाड कागद निवडा.

चित्र थेट कार्डावर छापून रंगवू नका. अल्कोहोल मार्करचा रंग कागदाच्या पाठीमागे उतरतोच, आणि मग शुभेच्छा लिहायच्या जागी नारिंगी डाग दिसतात. वेगळ्या तुकड्यावर रंगवा आणि तो कार्डावर चिकटवा.

ए४ कागद आडवा मधोमध कापून दुमडला की १०५ × १४८ मिमीचं कार्ड होतं. त्यावर ८–९ सेमी उंचीचं चित्र शोभतं. ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) १२०० पिक्सेलचं चित्र ४ इंच छापलं जातं. त्याहून फार ताणलं तर कोळ्याच्या जाळ्याच्या रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. वर्डमध्ये माप बदलताना चित्राचा कोपराच ओढा, बाजू ओढली तर भुताचं पोट सुटतं. प्रिंट देताना 'पानात बसवा' हा पर्याय काढून १०० टक्के निवडा, नाहीतर मोजून ठेवलेलं माप वाया जातं.

भोपळा आणि भूत

कोरलेल्या भोपळ्याच्या आत दिवा असतो, त्यामुळे उजेड डोळ्यांतून आणि तोंडातून बाहेर येतो. पुष्कळ जण डोळे काळे करतात आणि भोपळा विझल्यासारखा दिसतो. डोळ्या-तोंडात पिवळा भरा (कॉपिकचा वाय१५ चालेल). सालीला सगळीकडे नारिंगी वायआर०४ द्या आणि तो ओला असतानाच फाकींच्या खाचांमध्ये गडद नारिंगी वायआर०९ लावून मधला सांधा पुन्हा वायआर०४ने मिटवा. पहिला थर वाळल्यावर दुसरा दिला तर पट्टे उमटतात. रेघेच्या १ मिमी अलीकडेच थांबा, उरलेलं अंतर रंग स्वतःच पसरून भरतो. रंग बाहेर गेलाच तर रंगहीन ब्लेंडर (रंग नसलेला अल्कोहोल मार्कर) बाहेरून आत फिरवा. तो रंग पुसत नाही, मागे ढकलतो.

भूत पूर्ण राखाडी करू नका. कागदाचा पांढराच त्याचा रंग. घड्यांच्या सावलीत फिकट राखाडी सी१ आणि अगदी खोल जागी सी३ एवढं पुरे.

काळ्या कागदाचा मोह

हॅलोवीन म्हटलं की काळा कार्डशीट हाताशी येतोच, पण घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे काळ्यावर चित्र उमटणारच नाही. पांढऱ्यावर छापा, रंगवा आणि कापून काळ्यावर चिकटवा. कापलेल्या कडेची पांढरी रेघ काळ्यावर डोळ्यांत भरते. कडेवरून काळा मार्कर आडवा फिरवला की ती जाते.

काळा कागद दुमडताना घडी फाटून पांढरी दिसत असेल तर त्याचा तंतू आडवा गेलाय. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वाकतो तिकडेच घडी घाला. आधी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने खाच पाडा आणि खाच बाहेर राहील अशी दुमडा.

पाकिटात घालण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑक्टोबरमध्ये हॅलोवीन आणि दिवाळीची कार्डं बरेचदा एकाच टेबलावर तयार होतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी हॅलोवीनच्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आली होती. तिथल्या टपालात साध्या पत्राची जाडी पाव इंचापर्यंतच चालते. फोम टेपच्या (चित्र उचलून धरणाऱ्या जाड चिकटपट्टीच्या) दोन थरांवर भोपळा आणि त्यावर बटण लावलं की ती सहज ओलांडली जाते. चौकोनी पाकिटालाही जादा तिकीट लागतं. फोमचा एकच थर ठेवा, आयताकृती पाकीट घ्या आणि ३१ तारखेच्या आत पोचायचं असेल तर कार्ड महिन्याच्या मध्यालाच टाका.

कार्डं विकणार असाल तर स्टॅम्पसोबत आलेल्या अटी आधी वाचा. हाताने बनवलेली कार्डं विकायला काही चित्रकार ठरावीक संख्येपर्यंत परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत. आणि मूळ फाइल मैत्रिणीला पाठवायची नाही. तिने तिची स्वतःची विकत घ्यायची.