देवाच्या संकल्पावर रोजच्या जगण्यात भरवसा कसा ठेवावा

नोकरी बदलावी का, हे स्थळ स्वीकारावं का, इतकी प्रार्थना करूनही आजार का हटत नाही? असे प्रश्न उभे राहिले की विश्वासणारा माणूस विचारतो, ‘प्रभूची यात काय इच्छा आहे?’ प्रश्न योग्यच आहे. गाडं अडतं ते पुढे. उत्तर म्हणून त्याला येत्या पाच वर्षांचा नकाशा हवा असतो. तो मिळत नाही, मग आपलाच विश्वास कमी पडतोय असं वाटून तो आणखी खचतो. अब्राहाम निघाला तेव्हा आपण कुठे चाललो आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं (इब्री ११:८), तरीही विश्वासाचं उदाहरण म्हणून शास्त्र त्याच्याकडेच बोट दाखवतं. देवाचा गुप्त बेत ओळखणं म्हणजे भरवसा, हा समज आधी सोडावा लागतो. देवाने जे उघड सांगितलं आहे ते आज करायचं आणि उरलेलं त्याच्या हाती द्यायचं, असा तो रोजचा सराव आहे. तो कसा करायचा ते पुढे दिलं आहे.

वहीत दोन रकाने

अनुवाद २९:२९ मध्ये सरळ विभागणी केलेली आहे: गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या, आणि त्या पाळण्यासाठी आहेत. चिंता मन पोखरू लागली की हीच विभागणी कागदावर उतरवा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा ‘सांगितलेलं’, उजवीकडे ‘न सांगितलेलं’.

समजा नोकरी गेली आहे. उजवा रकाना आपोआप भरतो: दुसरं काम कधी मिळेल, शिल्लक पैसे पुरतील का, हे माझ्याच वाट्याला का आलं. डावीकडे मात्र पेन थांबतं. तिथे थोडा वेळ द्या. खोटं बोलायचं नाही, म्हणजे अर्जात अनुभव फुगवून लिहायचा नाही. राग मनात ठेवून सूर्य मावळू द्यायचा नाही (इफिस ४:२६), म्हणजे सकाळी घरच्यांवर ओरडलो त्याची माफी झोपण्याआधी मागायची. आपल्या हातांनी काम करायचं (१ थेस्सलनीका ४:११), म्हणजे आज दोन अर्ज पाठवायचे आणि एका ओळखीच्या माणसाला फोन करायचा. ज्यांनी कामावरून काढलं त्यांच्यासाठी प्रार्थना करायची (मत्तय ५:४४), तीही नाव घेऊन.

डावा रकाना हे आजचं काम. उजवा रकाना हा प्रार्थनेचा विषय. तो एकेक ओळ वाचत देवापुढे ठेवायचा आणि वही मिटायची. एक चूक इथे हमखास होते. डावीकडे ‘विश्वास ठेवणे’, ‘सहनशील राहणे’ असं मोघम लिहिलं जातं. संध्याकाळी ‘झालं’ किंवा ‘राहिलं’ असं सांगता येईल अशीच ओळ लिहा. ‘सहनशील राहणे’ याऐवजी ‘आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर शांतपणे उत्तर देणे’.

आवडतं वचन मागच्यापुढच्या वचनांसकट वाचा

अभिवचन नेमकं कशाचं आहे हे न कळता त्यावर भरवसा ठेवला तर पुढे निराशा ठरलेलीच. यिर्मया २९:११ हे वचन भिंतीवर, दिनदर्शिकेवर, शुभेच्छापत्रांवर सगळीकडे दिसतं: परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पण हे बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं वाक्य आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. हे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांचं उरलेलं आयुष्य परक्या मुलुखातच जाणार होतं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सुटका होईल असं सांगत होता. लोकांना ऐकायला आवडेल असंच ते होतं, आणि ते खोटं होतं. यिर्मयाच्या पत्रात तोवर काय करायचं तेही आहे: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा आणि प्रार्थना करा. संकल्पावर भरवसा ठेवायचा म्हणजे सामान बांधून दाराशी बसायचं नाही, हे या पत्रातून फार स्पष्ट कळतं.

रोमकरांस पत्र ८:२८ चंही तसंच. सर्व गोष्टी मिळून देवावर प्रीती करणाऱ्यांच्या कल्याणासाठी होतात, इथवर आपण पाठ म्हणतो. कल्याण कशाला म्हटलं आहे ते लगेच पुढच्या वचनात आहे: आपण त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपाचे व्हावं. गेलेल्या नोकरीपेक्षा मोठ्या पगाराची नोकरी मिळेलच असं ते वचन सांगत नाही. घडणारी प्रत्येक गोष्ट चांगली आहे असंही ते म्हणत नाही. वाईट हे वाईटच राहतं, पण देव त्यातूनही आपला हेतू सिद्धीस नेतो. म्हणून अडचणीत ‘यातून मला काय मिळणार?’ असं विचारलं तर उत्तर सापडणं अवघड. ‘येशूसारखं होण्याची कोणती संधी इथे आहे?’ असं विचारलं तर ते बहुधा त्याच दिवशी सापडतं.

कोणतंही वचन धरायचं ठरवलं तर आधी तो पूर्ण अध्याय दोनदा वाचा. कोण कुणाशी बोलतं आहे, कोणत्या परिस्थितीत, आणि आधी-नंतर काय सांगितलं आहे, एवढं टिपा. त्यानंतरच ते स्वतःला लावा.

सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पाच

सकाळी फोन हातात घेण्याआधी पंधरा मिनिटं. पहिली पाच-सहा मिनिटं एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातली दहा-पंधरा वचनं. मग दिवस देवापुढे ठेवायचा, तोही तपशिलाने: अकराची बैठक, डॉक्टरांचा रिपोर्ट, ज्याच्याशी बोलणं टाळतोय तो भाऊ. याकोब ४:१३-१५ इथे उपयोगी पडतं. बेत आखू नका असं याकोब म्हणत नाही. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असं धरून आखा, असं म्हणतो. प्रत्येक कामापुढे मनातल्या मनात ते जोडा. शेवटची दोन-तीन मिनिटं काही न मागता गप्प बसा.

रात्री वहीत तारीख घालून तीन ओळी. आज देवाची कृपा कुठे दिसली, सूत्रं आपल्याच हाती घ्यायची धडपड कुठे झाली, आणि कशाबद्दल आभार मानायचे. शमुवेलाने धोंडा उभा करून त्याला एबन-एजर नाव दिलं आणि इथवर परमेश्वराने साहाय्य केलं असं म्हटलं (१ शमुवेल ७:१२). वही त्याच कामाची. दर तीन महिन्यांनी मागची पानं वाचा. ज्या काळजीने झोप उडवली होती तिचं पुढे काय झालं ते तिथे लिहिलेलं असतं. उत्तर ‘नाही’ आलं असेल तर तेही नोंदवा. फक्त मनासारख्या उत्तरांची वही खरी साक्ष देत नाही.

एकदम तासाभराने सुरुवात करणाऱ्यांचा नेम सहसा लवकर सुटतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका, त्या दिवसाचं तेवढं वाचा.

तक्रार देवाकडेच करा

भरवसा ठेवणाऱ्याने कुरकुर करू नये, असं अनेकांना शिकवलेलं असतं. मग तोंडाने ‘सगळं छान आहे, देवाची स्तुती असो’ आणि आत कडवटपणा, अशी दुहेरी अवस्था होते. स्तोत्रसंहिता उघडून पाहिली तर विलापाची स्तोत्रं पानोपानी भेटतात. तेरावं स्तोत्र अवघं सहा वचनांचं आहे. आधी ‘कोठवर?’ असा चारदा सवाल, मग ‘माझ्याकडे पाहा, उत्तर दे’ अशी मागणी, आणि शेवटी ‘मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’. याच क्रमाने स्वतःची प्रार्थना लिहा. घरात दीर्घ आजारपण असेल तर ती अशी होईल:

‘प्रभू, आणखी किती दिवस? रात्री तीनला उठून मी औषध देतो आणि तू गप्प आहेस असं वाटतं. मला झोप दे, डॉक्टरांना योग्य उपाय सुचव, माझी चिडचिड थांबव. आज सकाळी शेजारीण न सांगता येऊन बसली, तू विसरलेला नाहीस एवढं त्यातून धरून ठेवतो.’

तिसऱ्या भागापर्यंत पोहोचताच आलं नाही तर ओढूनताणून लिहू नका. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने येणाऱ्या दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि दर वेळी पित्याच्या इच्छेला मान दिला. पौलानेही शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे हे उत्तर मिळालं (२ करिंथ १२:८-९). मागणं आणि मान देणं एकाच प्रार्थनेत बसतं.

निर्णय घेताना

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. पहिली कसोटी वचनाची: यात देवाने मना केलेलं काही आहे का? असेल तर पुढे ‘मार्गदर्शन’ मागायची गरज नाही. मग माहिती गोळा करा, कारण अर्धवट माहितीवर केलेली प्रार्थना बऱ्याचदा आपल्याच भीतीचा प्रतिध्वनी ऐकवते. मग तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतील अशा दोन-तीन प्रौढ विश्वासणाऱ्यांना विचारा: पाळक, मंडळीतले वडील माणूस, शिवाय त्या विषयातलं कळणारं कुणीतरी. परिस्थितीची कसोटी सगळ्यांत शेवटी.

बहुतेक जण नेमके उलटे चालतात. ‘दार उघडलं, म्हणजे देवाचीच इच्छा’ हा त्यातला सर्वांत धोक्याचा तर्क. एन-गेदीच्या गुहेत, दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल त्याच्याच हाती आयता सापडला, आणि हाच तो दिवस असं दावीदाची माणसं देवाचं नाव घेऊन सांगत होती (१ शमुवेल २४). दावीदाने हात उचलला नाही. देवापासून पळणाऱ्या योनालाही तार्शीशला जाणारं जहाज अगदी वेळेवर मिळालं होतं. उलट पौलाला आसिया आणि बिथुनिया या प्रांतांत अडवलं गेलं, पण तो काही आज्ञा मोडत नव्हता. ती वाट त्याला मासेदोनियाकडे नेत होती (प्रेषितांची कृत्ये १६:६-१०). उघडं दार आणि बंद दार, दोन्ही एकट्याने काही सिद्ध करत नाहीत.

गिदोनाने रात्री बाहेर लोकर ठेवून ती भिजावी, मग कोरडी राहावी, अशा खुणा देवाकडे मागितल्या होत्या. त्याचा दाखला देऊन खुणा मागण्याचाही मोह होतो. पण देवाने काय करायचं ते गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं (शास्ते ६:१४). ती लोकर त्याच्या संशयाची होती. निर्णयाची पद्धत म्हणून ती उचलू नये.

सगळ्या कसोट्या लावूनही दोन्ही पर्याय चांगलेच उरले, तर तुम्हाला मोकळीक आहे. विधवेने कुणाशी लग्न करावं याविषयी पौल ‘तिची इच्छा असेल त्याच्याशी’ असं म्हणतो, अट एकच, ते प्रभूमध्ये असावं (१ करिंथ ७:३९). निर्णयाची तारीख ठरवा, त्या दिवशी निवडा, आणि नंतर ‘चुकलो तर देवाची योजना मोडली’ या भीतीला थारा देऊ नका. मनुष्य मार्ग योजतो, पावलं परमेश्वर चालवतो (नीतिसूत्रे १६:९).

वाट लांबते तेव्हा

भावांनी खड्ड्यात टाकून मग विकलेल्या योसेफाची गोष्ट आपण झरझर वाचतो. वयं मोजत वाचली तर ती वेगळी वाटते. त्याची गोष्ट सुरू होते तेव्हा तो सतरा वर्षांचा आहे (उत्पत्ती ३७:२), मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा तीस (४१:४६). तेरा वर्षं दास्यात आणि तुरुंगात, त्यातली शेवटची दोन तर तुरुंगातून सुटलेला प्यालेबरदार (राजाला पेय देणारा सेवक) त्याला विसरला म्हणून. भाऊ समोर आले ते सुबत्तेची सात आणि दुष्काळाची दोन वर्षं गेल्यावर, आणि ‘तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं’ हे उद्गार बापाच्या मृत्यूनंतरचे (५०:२०), म्हणजे विकला गेल्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी. खड्ड्यात असताना असं काही तो बोलल्याची नोंद नाही. म्हणून संकटाच्या पहिल्याच आठवड्यात ‘देवाने हे का केलं’ याचं उत्तर तयार करायची घाई करू नका. मधल्या काळात योसेफ काय करत होता ते मात्र लिहिलेलं आहे: धनी पोटीफर याचं घर नीट सांभाळलं, पापाला नकार दिला, तुरुंगातल्या दोघांचे चेहरे उतरलेले पाहून विचारपूस केली, आणि प्यालेबरदाराला ‘माझी आठवण ठेव, मला इथून बाहेर काढ’ असं सांगून सुटकेचा प्रयत्नही केला. भरवसा आणि प्रयत्न एकाच कोठडीत होते.

देवाच्या इच्छेचं नाव कुठे घेऊ नये

घरात मारहाण होत असेल तर ‘देवाची इच्छा म्हणून सोस’ असा सल्ला कुणी देऊ नये आणि कुणी मानू नये. आधी सुरक्षित जागी जायचं, विश्वासू माणसाला आणि पोलिसांना सांगायचं. औषध बंद करणं ही विश्वासाची खूण नाही. उदासी, झोप न लागणं, जगू नये असं वाटणं यासाठी डॉक्टरांकडे जायचं आणि प्रार्थनाही करायची. स्वतःच्या हलगर्जीपणाला ‘देवाचीच योजना’ म्हणून पांघरूण घालायचं नाही. तिथे पश्चात्ताप आणि भरपाई लागते.

दुःख झालेल्या घरी तर शब्द फार जपावेत. ‘देवाला तो जास्त प्रिय होता’, ‘यातही काही चांगलं असेल’ ही वाक्यं खरीखोटी ठरवायची ती वेळ नव्हे. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते का, याला येशूने स्पष्ट नाही म्हटलं (लूक १३:४-५). सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर ठीक होतं, कारणं सांगू लागल्यावर चुकले, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला. जाऊन बसा. मृताचं नाव घेऊन बोला. जेवण, मुलांची शाळा, कागदपत्रं यांतलं एक काम विचारत न बसता अंगावर घ्या. वचन वाचायचं तर घरच्यांनी म्हटल्यावर, आणि तेही छोटं. महिन्याभराने पुन्हा जा. तोपर्यंत बाकीच्यांची ये-जा थांबलेली असते.