स्टुडिओचा ॲनिमेटेड लोगो करताना या चुका टाळा

१९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या लोगोतली तुतारी फुंकणारी स्त्री नुसत्या बाह्याकृतीवरूनही ओळखू येते. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा टेबललॅम्प १९८६च्या लघुपटातला. १९९५च्या 'टॉय स्टोरी'पासून तो नावातल्या 'आय'वर उड्या मारून त्याला चेपतो आणि मग आपल्याकडे बघतो. दोन्हीकडे आकृती एक, कृतीही एकच. नव्या लोगोंत मात्र आठ सेकंदांत सूर्य, रीळ, गरुड, ठिणग्या आणि वर लेन्स फ्लेअर (लेन्समध्ये चमकणाऱ्या प्रकाशाचे ठिपके) असा सगळा बाजार मांडलेला असतो. डिझाइन सपाट काळ्या रंगात भरून पाहा. ओळखू आलं नाही तर ॲनिमेशनला हात लावू नका.

मराठी नाव असेल तर सर्वांत जास्त घोळ अक्षरांत होतो. 'निर्मिती' टाइप करून एकेक अक्षर आत आणणारा प्रीसेट, म्हणजे ॲनिमेशनचा तयार साचा लावला, की वेलांट्या आणि रफार सुटे उडू लागतात आणि शिरोरेषेत फटी पडतात. प्रीसेटला सुटे तुकडे कळतात, 'र्मि' हे एकच अक्षर आहे हे कळत नाही. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन निवडा. नाव नीट जुळलं की त्याचे आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार बनवा आणि नि, र्मि, ती असे तीन गट पाडा. शिरोरेषा कापून सलग एकच पट्टी म्हणून वेगळ्या लेयरवर काढा. ही पट्टी १२ फ्रेम्समध्ये डावीकडून उजवीकडे ओढा, मग तिच्याखाली दोन-दोन फ्रेम्सच्या अंतराने गट उतरवा. आकार एकमेकांवर चढतात तिथे छिद्रं दिसली, तर ते जोडून एकसंध करा. फेड मात्र सुट्या गटांना देऊ नका, पूर्ण नावाला द्या. नाहीतर सांध्यावर गडद डाग दिसतात.

१९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं, पडदा रुंदावला आणि लोगोंनाही त्या मापात बसावं लागलं. आज २के डीसीपीत, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायच्या डिजिटल प्रतीत, फ्लॅट (कमी रुंद चौकट) १९९८×१०८० आणि स्कोप (जास्त रुंद चौकट) २०४८×८५८ पिक्सेल असतं. लोगो २०४८×१०८० वर बनवा, पण नाव आणि मुख्य आकृती मधल्या १९९८×८५८ मध्येच ठेवा. १९२०×१०८० वर केलेला लोगो स्कोपसाठी ताणून कापला, की तुतारीचं टोक नेमकं फ्रेमबाहेर जातं.

सेकंदाला २५ फ्रेम्सवर केलेला लोगो २४च्या चित्रपटाला चिकटवणं ही नेहमीची चूक. २५० फ्रेम्सना १० ऐवजी साधारण १०.४ सेकंद लागतात. आवाज तसाच ठेवला तर शेवटचा ठोका चित्राच्या १० फ्रेम्स आधीच वाजतो. सुरुवातीपासून २४ वर काम करा. कॅमेरा आडवा सरकताना चित्र थरथरत असेल, तर मोशन ब्लरचा (हालचालीतल्या धूसरपणाचा) शटर अँगल १८० अंशांवर ठेवा आणि कुठलीही गोष्ट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद तरी द्या.

लोगोतल्या पहाटेच्या आकाशात पट्टे दिसतात ते ८ बिट रंगामुळे. १६ बिटमध्ये काम करा, किंचित ग्रेन (बारीक दाणेदारपणा) घाला आणि टिफ सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल द्या. एच.२६४ ही दाबून लहान केलेली व्हिडिओ फाइल फक्त मंजुरीपुरती.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संगीताचा घुमणारा नाद विरेपर्यंत शेवटी काळ्या फ्रेम्स ठेवा. त्या नसल्या, तर एडिटर पहिल्या शॉटच्या कटवरच तो नाद छाटतो.