लिनोकटमधून पोस्टर शिकवताना

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची पोस्टर व मुद्राचित्रण कार्यशाळा घ्यायची असेल, तर पहिला अर्धा दिवस हत्यारे हाती न देता केवळ मजकुरावर घालवावा, असे माझे ठाम मत आहे. पाणीटंचाई किंवा 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असा जवळचा विषय द्यावा आणि आठवडी बाजारातून जाणाऱ्या माणसाला न थांबता वाचता येईल अशा चार-पाच शब्दांत तो मांडायला सांगावा. लिनोवर, म्हणजे कोरून त्यावरून छाप घेण्याच्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, एकदा कोरलेला भाग परत भरून काढता येत नाही. म्हणून शब्द गाळणे आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासणे ही कामे पेन्सिलीनेच संपवावीत.

देवनागरी अक्षरांना येथे सर्वाधिक वेळ द्यावा. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध राहतो, परंतु उठावात (भोवतालचा भाग कोरून वर राखलेल्या पृष्ठभागात) ठेवलेला अनुस्वाराचा सुटा ठिपका कोरताना सहज उडतो आणि ‘भ’, ‘श’ यांच्या लहान गाठींत शाई भरून अक्षर बुजते. नवशिक्यांनी काळ्या पार्श्वभूमीतून पांढरी, जाड अक्षरे कोरावीत. त्यात केवळ अक्षराचाच भाग काढावा लागत असल्याने चुका कमी होतात. छाप उलटा उमटत असल्याने आराखडा ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालून कार्बनने लिनोवर उतरवावा, आणि कोरण्यापूर्वी प्रत्येकाने तो आरशात वाचून दाखवावा.

बाह्यरेषा ‘व्ही’ आकाराच्या गाउजने (खोलगट पात्याच्या कोरणीने) व मोकळी जागा ‘यू’ आकाराच्या गाउजने काढावी. वळणावर हात न फिरवता लिनो फिरवावा, आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवावा. या नियमाला अपवाद करू नये. थंडीच्या सकाळी लिनो कडक वाटल्यास तो थोडा वेळ उन्हात ठेवावा.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मात्र अडचण शाईची होते. पाण्यात विरघळणारी शाई पंख्याखाली, ती रोलरने पसरवायच्या काचेवरच वाळू लागते, त्यामुळे ती थोडी थोडी घ्यावी आणि छपाईपुरता पंखा बंद ठेवावा. रोलरखाली शाईचा बारीक, चिकट आवाज येऊ लागला की थर योग्य झाला असे समजावे. छापखान्याचे यंत्र नसल्यास कागदावर चमच्याची पाठ मधून कडेकडे गोलाकार घासली तरी उत्तम छाप मिळतो.

पहिला छाप भिंतीवर लावून कार्यशाळेबाहेरील एखाद्या व्यक्तीकडून दहा पावलांवरून वाचून घ्यावा, आणि ती जिथे अडखळेल तिथली जागा आणखी मोकळी केल्यावरच उरलेल्या प्रती काढाव्यात.